प्रवासवर्णनातला प्रवास: लक्झेंबर्गच्या निमित्ताने

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार पदव्युत्तर वर्गात शिकवताना आपण निसर्गचित्रण, समाजदर्शन, व्यक्तिचित्रण, लेखकाचे व्यक्तिमत्त्व, शैली अशी उपशीर्षके फळ्यावर मांडतो. विद्यार्थी ती उतरवून घेतात आणि परीक्षेत बिनचूक परत करतात. या यादीत एक घटक मात्र जवळपास कधीच नसतो. तो म्हणजे प्रवास. लेखक एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कशात बसून गेला, वाट किती वेळ पाहिली, शेजारी कोण होते, तिकीट काढले की नाही, काढले तर कोणत्या भाषेत मागितले, हे सगळे आपल्या परदेशविषयक पुस्तकांत बहुधा दोन ओळींत उरकलेले असते. एक शहर संपते, परिच्छेद बदलतो आणि दुसरे शहर सुरू होते.

आपली परंपरा मुळात अशी नव्हती. विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'ची (लेखन १८८३, प्रकाशन १९०७) सगळी ताकद वाटेतच आहे. वरसईहून उत्तरेकडे निघालेल्या भिक्षुकाला १८५७ चे बंड भेटले ते वाटेवर. घरी बसला असता तर त्याला ते ऐकीव कथेसारखेच कळले असते. इरावती कर्वे यांच्या 'वाटचाल' या लेखातही पंढरपूरपेक्षा पंढरपूरला जाणे मोठे आहे. एकाच वारीतल्या माणसांची जातीनुसार झालेली विभागणी त्यांना चालता चालता दिसली. पुढे बोटीने विलायतेला जाण्याच्या काळातही प्रवासाला वेळ लागत असे आणि म्हणून लेखकाला त्याच्याविषयी काही लिहावेच लागे. विमान आले, नंतर सहल कंपन्या आल्या, आणि मधला काळच नाहीसा झाला. वातानुकूलित बस हॉटेलच्या दारातून निघते आणि प्रेक्षणीय स्थळाच्या दारात थांबते. मध्ये असतो तो मार्गदर्शकाचा आवाज, आणि गाडीत सगळे मराठीच असल्याने अंताक्षरी.

या पद्धतीत सर्वांत जास्त अन्याय होतो तो लहान देशांवर. बारा दिवसांत सात देश दाखवणाऱ्या सहलीत लक्झेंबर्गच्या वाट्याला फार तर एक दुपार येते, बहुधा तीही येत नाही. बेल्जियमहून जर्मनीकडे जाताना गाडी थांबवायला सोयीचा देश, एवढीच त्याची ओळख. माझे म्हणणे असे आहे की प्रवासवर्णन या प्रकाराची खरी कसोटी अशाच देशात लागते. पॅरिस किंवा रोमविषयी लिहिणाऱ्याला ते शहरच सांभाळून घेते. स्थळे इतकी आहेत की प्रवास वगळला तरी पुस्तक भरते. लहान देशात स्थळे लवकर संपतात. मग उरते ते हिंडणे, आणि ते ज्याला लिहिता येत नाही त्याच्याजवळ लिहिण्यासारखे काही उरत नाही.

लक्झेंबर्गचे क्षेत्रफळ २,५८६ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे तो आपल्या गोव्यापेक्षाही लहान. उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंतचे अंतर ८२ किलोमीटर. लोकसंख्या पावणेसात लाखांच्या आसपास, आणि त्यातली निम्म्याला थोडी कमी माणसे परदेशी नागरिकत्वाची. शिवाय फ्रान्स, जर्मनी आणि बेल्जियममधून दोन लाखांहून अधिक लोक तिथे कामाला येतात आणि संध्याकाळी आपापल्या देशात झोपायला जातात. या देशाने २९ फेब्रुवारी २०२० पासून देशभरातल्या रेल्वे, ट्रॅम आणि बस सर्वांसाठी विनामूल्य केल्या. सर्वांसाठी म्हणजे खरोखरच सर्वांसाठी: रहिवासी, रोज सीमा ओलांडणारे कामगार, आणि आपल्यासारखे पाहुणेही. रेल्वेच्या पहिल्या वर्गाला तेवढे पैसे पडतात.

यात दानशूरपणा किती आणि हिशेब किती, हे पाहण्यासारखे आहे. तिकिटांच्या विक्रीतून वाहतुकीच्या खर्चाचा दहावा भागही निघत नव्हता. बाकीचा भार आधीपासून करांवरच होता. तेव्हा उरलेला थोडा भागही सोडून देणे एका श्रीमंत राज्याला जड नव्हते. रस्त्यांवरची गर्दी कमी होईल ही आशाही होती, पण ती फारशी फळाला आलेली नाही. दर हजार माणसांमागे मोटारींची संख्या युरोपात सर्वांत जास्त असलेल्या देशांपैकी हा एक, आणि ज्याच्या घरी मोटार आहे तो केवळ तिकीट वाचते म्हणून बसमध्ये बसत नाही. अर्थशास्त्र्यांनी या योजनेविषयी काय म्हणायचे ते म्हणावे. मला इथे त्याचा पाहुण्यावर होणारा परिणाम नोंदवायचा आहे.

तिकीट ही वस्तू प्रवाशाला आधी ठरवायला लावते. कुठे जायचे, कुठे उतरायचे, परत कधी यायचे, हे खिडकीपाशी सांगावे लागते. आणि एकदा पैसे मोजले की ते वसूल करायची घाई सुरू होते. लक्झेंबर्गमध्ये हिंडताना ही घाई गळून पडली हे मला दुसऱ्या दिवशी जाणवले. चुकीच्या बसमध्ये बसलो तर पुढच्या थांब्यावर उतरावे आणि समोरून येणारी दुसरी धरावी, नुकसान फक्त वेळेचे. राजधानी दऱ्यांच्या काठावर वसलेली आहे. वरचे शहर आणि नदीकाठचे खालचे शहर यांत मोठा उतार आहे. तो उतरायला फाफेनथाल भागात ७१ मीटर उंचीची काचेची लिफ्ट आहे, आणि त्याच भागातून समोरच्या किर्शबर्गच्या पठारावर रेल्वे स्थानकापासून डोंगरगाडी वर जाते. या दोन्हींनाही पैसे पडत नाहीत. म्हातारी माणसे भाजीच्या पिशव्या घेऊन त्या लिफ्टने ये-जा करतात आणि पर्यटक त्याच लिफ्टमध्ये काचेला नाक लावून उभे असतात. शहराने १९६४ मध्ये जुन्या ट्रॅम बंद केल्या होत्या. २०१७ च्या डिसेंबरात नवी ट्रॅम सुरू झाली आणि मार्च २०२५ पासून ती विमानतळापर्यंत जाते. विमानातून उतरलेला माणूस देशाच्या कोणत्याही टोकाला एक पैसाही न देता पोहोचू शकतो. अर्थात रविवारी खेड्यांकडच्या बसगाड्या विरळ होतात आणि थांब्यावर बसून वेळापत्रक पाठ होईपर्यंत वाचावे लागते.

वाचण्यासारखे मात्र तिथे पुष्कळ असते. भाषेच्या विद्यार्थ्याने तर राजधानीतून उत्तरेकडे जाणारी रेल्वे धरावी आणि केवळ गावांची नावे वाचत जावे. वेशीवरच्या पाट्यांवर बहुधा दोन नावे असतात. एटेलब्रुक हे एटेलब्रेक असते, मेर्श हे मियेर्श असते, लक्झेंबर्ग स्वतः लेत्झेबुएर्ग असते. हे फरक उच्चारांचे म्हणून सोडून देता येतात. पण याच मार्गावर, बेल्जियमच्या सीमेच्या अलीकडे, एक लहानसे गाव लागते. फ्रेंचमध्ये त्याचे नाव त्र्वाव्हिएर्ज, म्हणजे तीन कुमारिका, जर्मनमध्ये उल्फ्लिंगेन, आणि गावकऱ्यांच्या लक्झेंबर्गी भाषेत एल्वेन. फ्रेंच नावाचा इतर दोन नावांशी काहीही संबंध लागत नाही, तरी गाव तेच. बेळगावच्या पाट्यांसाठी किती वर्षे, किती शाई आणि किती डोकी फुटली हे ठाऊक असलेल्या मराठी माणसाला गाडीच्या खिडकीतून हे पाहताना थोडे गप्प व्हायला होते.

हे सौहार्द आपोआप आलेले नाही. १९८४ च्या कायद्याने लक्झेंबर्गी ही राष्ट्रभाषा ठरली. त्याच कायद्याने कायदे लिहायची भाषा फ्रेंच राहिली आणि प्रशासनासाठी फ्रेंच, जर्मन व लक्झेंबर्गी या तिन्हींना जागा मिळाली. म्हणजे ज्या कायद्याने लक्झेंबर्गीला राष्ट्रभाषा केले, तो कायदा स्वतः फ्रेंचमध्ये लिहिलेला. आपल्याकडे याची नुसती कल्पना केली तरी साहित्य संमेलनात ठराव होईल. मुले घरी लक्झेंबर्गी बोलतात, शाळेत परंपरेने जर्मनमधून अक्षरे गिरवतात, पुढे फ्रेंच शिकतात. आणि बसमध्ये या तिन्हींच्या जोडीला सतत कानावर पडते ती पोर्तुगीज, कारण परदेशी रहिवाशांत पोर्तुगीज सर्वांत जास्त. तिला त्या कायद्यात स्थान नाही. बसच्या आसनावर आहे.

बसमधून उतरताना लोक चालकाला जे म्हणतात त्यावर मी बरेच दिवस विचार करत राहिले. 'मोइएन' म्हणजे नमस्कार. तो शब्द सकाळी, दुपारी, संध्याकाळी सारखाच चालतो. आभार मानायचे तर 'मेर्सी', हा सरळ फ्रेंच शब्द. आणि पुष्कळ आभार मानायचे तर 'फिल्मोल्स मेर्सी'. पहिला शब्द जर्मन कुळातला, दुसरा फ्रेंच. दोन मोठ्या शेजाऱ्यांच्या मध्ये सापडलेल्या भाषेने दोघांकडून एकेक शब्द उचलला आणि त्यांची गाठ मारली. ती निव्वळ सोयीची गाठ वाटेल. पण १९४० ते १९४४ या काळात देश नाझींच्या ताब्यात होता तेव्हा फ्रेंचवर बंदी आली, रस्त्यांची आणि माणसांची फ्रेंच नावे बदलली गेली, आणि 'मेर्सी' म्हणणेही निषिद्ध ठरले. ऑक्टोबर १९४१ च्या गणनेत मातृभाषा, नागरिकत्व आणि वंश असे तीन प्रश्न होते, आणि लक्झेंबर्गी ही जर्मनचीच एक बोली असल्याने तिचे नाव मातृभाषा म्हणून लिहू नये अशी सूचना होती. लोकांनी तिन्ही ठिकाणी लक्झेंबर्गी असेच उत्तर दिले. गणना गुंडाळावी लागली. हा इतिहास ज्याला माहीत आहे त्याला बसच्या दारातला तो दोन शब्दांचा निरोप वेगळा ऐकू येतो. सहलीच्या गाडीत मात्र हे ऐकू येणे शक्य नाही, कारण तिच्या चालकाशी बोलणारा फक्त मार्गदर्शक असतो.

आणखी एक योगायोग सांगण्याजोगा आहे. या देशाचे बोधवाक्य, आपण आहोत तसेच राहावे अशा अर्थाचे, मिशेल लेन्त्झ याने १८५९ मध्ये रेल्वेच्या उद्घाटनाच्या निमित्ताने लिहिलेल्या 'दे फायरवोन' या गाण्यातून आले आहे. फायरवोन म्हणजे आगगाडी, अक्षरशः आगीची गाडी. मराठीने आणि लक्झेंबर्गीने त्या नव्या यंत्राला एकमेकींना न विचारता एकच नाव दिले. शेजारी देश आता थेट आपल्या दारात येणार या आनंदाच्या क्षणीच या लहान देशाला आपण आपणच राहू असे बजावावेसे वाटले. ही काळजी किल्ल्याच्या भिंतीवरून व्यक्त झाली असती तर तीत नवल नव्हते. ती रेल्वेच्या गाण्यात आहे.

साहित्याच्या वाटेनेही या देशात हिंडता येते. याच उत्तर मार्गावर मेर्श येथे राष्ट्रीय साहित्य केंद्र आहे. लेखकांची हस्तलिखिते आणि देशातल्या सर्व भाषांतले साहित्य तिथे एका छपराखाली जतन केले जाते. लक्झेंबर्गी भाषेतली पहिली आधुनिक कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो ती गी रेवेनिग यांची 'हानर्ट देम अटलांटिक' १९८५ मधली, म्हणजे आपल्या 'कोसला'च्याही बावीस वर्षांनंतरची. अनीस कोल्त्झ (१९२८-२०२३) या कवयित्री आधी जर्मनमध्ये लिहीत. नाझींनी छळलेल्या पतीच्या मृत्यूनंतर त्यांनी जर्मन सोडली आणि त्या फ्रेंचकडे वळल्या. तिथे लेखकाची भाषा ही निवड असते आणि कधी कधी जखमही. आपण 'मराठी साहित्य' म्हणतो तेव्हा भाषेची सीमा आणि साहित्याची सीमा एकच असते. 'लक्झेंबर्गचे साहित्य' म्हणताना तशी सोय नाही.

एटेलब्रुकहून बस बदलून व्हियांदेन या गावी जाता येते. डोंगरावर किल्ला, खाली ऊर नदी, नदीपलीकडे काही अंतरावर जर्मनी. पुलाजवळच्या घरात १८७१ च्या उन्हाळ्यात व्हिक्तोर ह्यूगो राहत होता. त्या घराचे आता संग्रहालय झाले आहे. पॅरिस कम्यूनच्या पाडावानंतर पळून येणाऱ्यांना ब्रुसेल्समधल्या आपल्या घरात आश्रय देऊ, असे त्याने जाहीर केले म्हणून बेल्जियम सरकारने त्याला देशाबाहेर काढले, आणि तो इथे आला. सहलीच्या माहितीपत्रकात किल्ल्याचे छायाचित्र असते. ह्यूगोचा उल्लेख असलाच तर त्याला इथला निसर्ग आवडला होता, एवढाच असतो. एका लहान देशाने बाहेर काढलेला माणूस दुसऱ्या लहान देशात तीन महिने का राहिला, हे त्यात नसते.

इथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. आठवडाभर फुकट बसमधून हिंडून एखाद्या देशाचा स्वभाव कळतो असे म्हणणे भाबडेपणाचे आहे. पाहुण्याला जे सौहार्द दिसते त्याच्या मागे रहिवाशांचे ताण असतात. ते आहेतच. जून २०१५ मध्ये परदेशी रहिवाशांना राष्ट्रीय निवडणुकीत मताधिकार द्यावा का, यावर तिथे सार्वमत झाले आणि सुमारे ७८ टक्के मतदारांनी नकार दिला. नागरिकत्व हवे असेल तर लक्झेंबर्गी बोलता येते हे परीक्षेत दाखवावे लागते. दुकानात, कचेरीत, बँकेत जिच्यावाचून काही अडत नाही, तीच भाषा नागरिकत्वाच्या उंबरठ्यावर पहारा देते. बसमध्ये शेजारी बसलेली पोर्तुगीज बाई वीस वर्षे तिथे राबूनही खासदार निवडताना घरी बसत असेल. हे खिडकीतून दिसत नाही, मान्य. पण तिच्या शेजारी बसलेल्याला निदान तो प्रश्न पडण्याची शक्यता असते. ती बाई ज्याच्या वाटेतच आली नाही, त्याला तोही पडणार नाही. प्रवासवर्णनकाराकडून मी उत्तरांची अपेक्षा करत नाही. त्याचे प्रश्न जागेवरचे असावेत, एवढीच अपेक्षा आहे.

आता आपल्या बाजूची गोष्ट. भारतीय पारपत्रावर युरोपात जायचे तर जो व्हिसा लागतो त्याला शेंगेन म्हणतात, हे आपल्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्यालाही ठाऊक झाले आहे. शेंगेन हे लक्झेंबर्गच्या आग्नेय टोकाला, मोझेल नदीकाठचे, द्राक्षमळ्यांचे एक खेडे आहे हे फारच थोड्यांना माहीत असते. लक्झेंबर्ग, जर्मनी आणि फ्रान्स यांच्या सीमा तिथे मिळतात. १४ जून १९८५ रोजी नदीतल्या 'प्रिन्सेस मारी-आस्ट्रिड' या बोटीवर पाच देशांनी आपसांतले सीमांवरचे पहारे हळूहळू उठवण्याच्या करारावर सह्या केल्या. त्या व्हिसासाठी आपण ९० युरो शुल्क भरतो (जून २०२४ पूर्वी ते ८० होते), किमान ३०,००० युरोंचा विमा काढतो, बँकेचे हिशेब देतो, आणि कोणत्या तारखेला कोणत्या गावी, कोणत्या हॉटेलात असू याचा तक्ता जोडतो.

या तक्त्याकडे मराठीच्या प्राध्यापकांनी जरा लक्ष द्यावे. पहिला दिवस अमुक शहर, दुसरा दिवस तमुक शहर, तिसऱ्या दिवशी सकाळी प्रस्थान. आपल्या अलीकडच्या कितीतरी प्रवासवर्णनांचा सांगाडा हुबेहूब हाच आहे. पुस्तक घरी परतल्यावर लिहिले गेले असे लेखक समजतो. त्याची अनुक्रमणिका मात्र जाण्याआधीच एका कचेरीच्या खिडकीत सादर झालेली असते. पुढचा सगळा प्रवास म्हणजे त्या तक्त्याच्या रिकाम्या चौकटी भरणे. लक्झेंबर्गमध्ये पोहोचल्यावर मात्र कोणी तक्ता विचारत नाही, तिकीटही विचारत नाही. ज्या देशात शिरण्यापूर्वी प्रत्येक रात्रीचा हिशेब द्यावा लागतो त्याच देशात शिरल्यावर कुठल्याही बसमध्ये बसता येते. या विसंगतीवर एखादे चांगले मराठी पुस्तक उभे राहू शकेल. मला ते अजून वाचायला मिळालेले नाही.

शेंगेनला रेल्वे स्थानक नाही; बसने जावे लागते. नदीवरचा पूल ओलांडला की पलीकडे जर्मनीतले पेर्ल. हा पूल चालत पार करायला पाचेक मिनिटे लागतात. २०२० च्या मार्चमध्ये साथीच्या निमित्ताने जर्मनीने सीमा बंद केल्या तेव्हा याच भागात दोन महिने अडथळे उभे राहिले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीने आपल्या सर्व भूसीमांवर, म्हणजे लक्झेंबर्गच्या बाजूलाही, पुन्हा तपासणी सुरू केली. ज्या गावाच्या नावाने पहारे उठले त्याच्या दाराशीच पहारा परतला. गावात कराराचे संग्रहालय आहे, नदीकाठी स्मारके आहेत, आणि पर्यटक त्यांच्यासमोर छायाचित्रे काढतात. मी गेले तेव्हा बसमधून उतरलेल्यांपैकी निम्मे लोक संग्रहालयाकडे वळले. उरलेले निम्मे, बहुतेकांच्या हातात रिकाम्या पिशव्या, सरळ पुलाकडे निघाले. पलीकडच्या दुकानांत काही वस्तू स्वस्त मिळतात, असे बसमध्ये शेजारी बसलेल्या आजींनी मला आधीच सांगून ठेवले होते.